जुन्या लेबलाचा एसी

फूलबागेजवळच्या ज्या दुकानात मी सत्तावीस वर्षं एसी विकले, तिथे आत येणारं गिऱ्हाईक आधी कपाळावरचा घाम पुसायचं आणि मग दोनच प्रश्न विचारायचं. "कितने स्टार का है?" आणि "बिल कितना आएगा?" खोली केवढी, वर छत कसलं, उन्हाची भिंत कोणती, यातलं एकही अक्षर ते आपणहून सांगायचं नाही. ते आम्हीच काढून घ्यायचं, डॉक्टर नाडी बघतो तसं.

आमच्या घराण्यातले पुरुष दख्खनेतून ग्वाल्हेरला आले ते फौजेबरोबर. त्यांनी तलवार चालवली असं सांगतात. मी एसी विकले. सुरुवातीला काउंटरवर बाई बघून लोक "किसी आदमी को बुलाइए" म्हणायचे. चार-पाच वर्षांनी तेच लोक दारातून विचारू लागले, "मैडम हैं क्या?" या वाक्याचा मला अजून अभिमान वाटतो, तो लपवत नाही.

आधी धंद्यातलं थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. एसीवर सरकारी लेबल असतं. त्यावर एक ते पाच स्टार. जास्त स्टार म्हणजे तेवढाच गारवा कमी विजेत. त्याच लेबलावर बारीक अक्षरांत आणखी तीन गोष्टी असतात, त्या कोणी वाचत नाही. एक आकडा असतो, साडेचार, पाच, असा काहीतरी. हंगामभर खाल्लेल्या विजेच्या मानाने यंत्राने किती गारवा दिला, त्याचं ते प्रमाण. खरी परीक्षा त्या आकड्याची, स्टार हा नुसता त्याचा वर्ग. दुसरं, वर्षाला किती युनिटं लागतील ते. पण ते धरलेलं असतं सोळाशे तासांवर, आणि आपल्या ग्वाल्हेरात ज्याच्या घरी दिवसभर एसी चालतो त्याचे सोळाशे तास पावसाळ्याआधीच भरत येतात. तिसरं, ते लेबल कोणत्या मुदतीचं आहे ते. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण दर काही वर्षांनी सरकार परीक्षा अवघड करतं. स्टारच्या कालच्या तक्त्यात पाच मिळवलेलं यंत्र नव्या तक्त्यात चारवर येतं. यंत्र तेच, एक स्क्रूही बदललेला नसतो.

आणि स्टार म्हणजे ताकद नव्हे. आमच्याच हजिरा भागातले एक कपड्यांचे व्यापारी होते. वरच्या मजल्यावरचा मोठा दिवाणखाना, छताला उन्हाने तापणाऱ्या दगडी पटिया, म्हणजे लांब फरश्या, आणि त्यांनी हट्टाने एक टनाचा पाच स्टार नेला. "पाँच स्टार है, सब सँभाल लेगा." आठवड्याने आले, म्हणे मशीन खराब आहे, थांबतच नाही. मी म्हटलं, भाईसाहब, बैल चांगला असला तरी त्याच्याकडून ट्रक ओढून घ्याल का? ते रागावून गेले, आणि पुढच्या उन्हाळ्यात दोन टनाचा न्यायला माझ्याकडेच आले.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण मला सांगायचं आहे ते पुराणिक सरांचं.

पुराणिक सर मला नववी-दहावीला गणित शिकवायचे. फळ्यावर त्यांचं गणित कधी चुकलं नाही, आणि वर्गात कोणावर हात उगारला नाही. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. गोरखीच्या मागच्या गल्लीत एका घराचा वरचा मजला त्यांनी घेतला होता, तिथे ते आणि उषाकाकू दोघंच राहत. मुलगी लग्न होऊन जबलपूरला.

त्या वर्षी मार्चमध्ये नव्या तक्त्याची लेबलं लावलेला माल दुकानात आला होता. जुन्या लेबलाचे चाळीसेक एसीही पडून होते. ठरलेल्या मुदतीपर्यंत ते विकायची मुभा होती, त्यात बेकायदा काही नव्हतं. आमच्या मालकांना सगळे लालाजी म्हणत. लालाजींनी आम्हा चौघांना बोलावून सांगितलं, "कोई पूछे तो बता देना. न पूछे तो अपनी तरफ से मत छेड़ना." मी मान हलवली. तोवर असे अकरा एसी मी विकलेही होते.

सर आले ते हातात चौकोनी कागदांची वही घेऊन. मला बघून म्हणाले, "सुनीता, तू इथे असतेस हे ऐकलं होतं. बरं झालं, ओळखीचं माणूस भेटलं." मग खुर्चीवर बसून त्यांनी नीट सगळं सांगितलं. उषाकाकूंना मल्टिपल स्क्लेरोसिस होता, मज्जातंतूंचा आजार. एरवी काठी घेऊन घरात फिरत, पण अंगात उष्णता शिरली की पाय उचलेनासे होत, डोळ्यांपुढे धूसर दिसू लागे. मागच्या मे महिन्यात तर स्वतःच्या हाताने पेला धरता येईना. डॉक्टरांनी सांगितलं होतं की औषधाइतकाच गारवा महत्त्वाचा. कूलरने भागेना, कारण कूलरची दमट हवा त्यांना सोसत नव्हती.

"दिवसाला पंधरा-सोळा तास चालणार," सर म्हणाले. "म्हणून पाच स्टारच हवा. पेन्शनीत बसलं पाहिजे ना."

मी त्यांना दोन दाखवले. एक नव्या लेबलाचा पाच स्टार, एक जुन्या लेबलाचा पाच स्टार. दोन्ही दीड टनाचे. जुना स्वस्त होता. सरांनी चष्मा वर करून दोन्ही लेबलं बघितली, युनिटांचे आकडे वहीत उतरवून घेतले. मुदतीची ओळ त्यांच्या नजरेतून सुटली असावी, किंवा तिचा अर्थ त्यांना ठाऊक नसावा.

"दोन्ही पाचच आहेत. मग हा स्वस्त का?"

"मागच्या वर्षीचं मॉडेल आहे, सर." हे खोटं नव्हतं. पण पुढचं वाक्य मी गिळलं. लालाजी तीन हातांवर बसले होते.

सरांनी वहीतल्या दोन्ही आकड्यांखाली रेघ ओढली. मग म्हणाले, "मला यातलं कळत नाही. एकच सांग. तुझ्या घरी लावायचा असता तर तू हाच लावला असतास?"

मी म्हटलं, "हो सर."

ते हसले, वही मिटली, आणि त्यांनी तोच घेतला.

मे महिन्यात एका सकाळी सर पुन्हा दुकानात आले. लू, ते दुपारचं तापलेलं वारं, सुटायच्या आत घरी पोचायचं म्हणून घाईत होते. वही उघडून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. रोजचं मीटरचं वाचन, तारीखवार. पंखे-दिव्यांची वीज वजा करून एसीचा आकडा काढलेला. लेबलाप्रमाणे दिवसाला आठ युनिटं यायला हवी होती. आपल्याकडचं ऊन धरून त्यांनी दहा धरली होती. येत होती सतरा, अठरा.

"माझीच आकडेमोड कुठेतरी चुकते आहे," ते म्हणाले. "जरा बघ ना. मला सापडत नाही."

तक्रारीचा सूरही नव्हता. ज्यांनी मला त्रैराशिक शिकवलं ते माझ्याकडून स्वतःची चूक शोधून मागत होते. मला त्या वहीकडे बघवेना. मी म्हटलं, "मेकॅनिकला पाठवते, सर."

"सवडीने पाठव. तोवर आम्ही तोड काढली आहे. सकाळी अकरा ते एक बंद ठेवतो. उषाच म्हणाली, तेवढं मी सोसते."

सर गेले. मी दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलत राहिले, पण डोक्यात एकच घोळत होतं. पाच स्टारच्या जागी चार स्टार मी त्यांच्या गळ्यात मारला आणि आता ती बाई दोन तास उकाड्यात बसते आहे. त्यात आमचा मेकॅनिक इक्बालभाई दोन दिवस डबरा गावच्या कामावर अडकलेला. तिसऱ्या दिवशी दुपारी मला राहवेना. सरांना फोन केला. सांगणार होते की काहीही होवो, एसी बंद करू नका.

फोन त्यांनी उचलला, पण आवाज वेगळाच होता. "सुनीता, मी हॉस्पिटलात आहे. उषा पडली."

साडेबाराला सर भाजी आणायला खाली उतरले होते. एसी बंद. काकू पाणी घ्यायला उठल्या आणि पाय गेले. वीस-पंचवीस मिनिटं त्या तशाच फरशीवर पडून होत्या. आवाज द्यायचीही ताकद नव्हती.

मी लालाजींना काहीतरी सांगून ऑटो केली. त्या वाटेत मी किती देव आठवले ते मला ठाऊक. मोडलेलं हाड, ऑपरेशन, पुन्हा कधीच न उठणं, सगळं डोळ्यांपुढे येऊन गेलं. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सर बाकावर बसले होते, मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट. मला बघून म्हणाले, "हाड मोडलेलं नाही. डोकंही वाचलं. डॉक्टर म्हणतात, उष्णतेने झालं. अंग गार झालं की ताकद परत येईल. दोन दिवस ठेवून घेतायत."

मी त्यांच्या शेजारी बसले. तेव्हा गप्प राहिले असते तरी कोणाला काही कळलं नसतं, हेही मनात येऊन गेलं. खोटं कशाला सांगू.

"सर, मी तुम्हाला फसवलं," मी म्हटलं. आणि सगळं सांगितलं. तक्ता बदलल्याचं, मुदतीच्या ओळीचं, तो एसी आता चार स्टारचा धरला जातो त्याचं. लालाजींचं नाव मी मध्ये आणलं नाही. 'हो सर' मी म्हटलं होतं, लालाजींनी नाही.

सर समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी तुला विचारलं होतं."

"हो सर."

"तुझ्यावर विसंबून विचारलं होतं."

समोरून एक नर्स ट्रॉली घेऊन गेली. नंतर सरांनी खिशातलं पेन काढलं आणि एक्स-रेचं पाकीट उलटं केलं.

"त्या दोन यंत्रांचे आकडे काय होते? ते स्टारखालचे."

मला पाठ होते. "तुमच्याकडचा चार पूर्णांक सहा. नवा पाच पूर्णांक एक."

त्यांनी पाकिटावर भागाकार मांडला. अक्षर तसंच, शाळेतलं. "म्हणजे दहा टक्क्यांचा फरक. दिवसाला एक युनिट, फार तर सव्वा. माझ्याकडे सात-आठ युनिटं जास्त येतायत." ते माझ्याकडे वळले. "खोटं ते खोटंच, सुनीता. त्याचं मला वाईट वाटलं आणि ते वाटत राहील. पण तुझ्या खोट्याने एवढा आकडा होत नाही. इथे दुसरंच काहीतरी आहे. ते शोध."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ओझं उतरलं असं नाही म्हणणार, पण निम्मं तरी कोणी हातात घेतलं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इक्बालभाईला घेऊन मी सरांच्या घरी गेले. सर तेवढ्यासाठी हॉस्पिटलातून आले होते. इक्बालभाई तीस वर्षांच्या अनुभवाचा माणूस, यंत्राला हात लावायच्या आधी खोली बघतो. खोली ठीक होती. दारं-खिडक्यांच्या फटी सरांनी स्वतः पट्ट्या लावून बुजवल्या होत्या, छतावर चुना मारला होता, जाळी धुतलेली. आतलं यंत्र स्वच्छ. इक्बालभाई म्हणाला, "बाहर वाली दिखाइए."

बाहेरचं यंत्र मागच्या गॅलरीत होतं. आम्ही दोघं तिथे गेलो आणि जागीच थांबलो. यंत्र दिसतच नव्हतं. ऊन लागू नये म्हणून वर पत्र्याचं छप्पर, धूळ जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना प्लायवूड, आणि माकडांनी तारा ओढू नयेत म्हणून पुढे जाड हिरवं कापड, खिळे मारून ताणलेलं. सरांनी सुताराकडून मुद्दाम करून घेतलं होतं.

"एवढं महागाचं यंत्र उघड्यावर ठेवायचं कसं?" सर म्हणाले. "नीट जपलं तर दहा वर्षं टिकेल, असा विचार केला."

इक्बालभाईने कापडाच्या फटीत हात घातला आणि चटकन मागे घेतला. "सर, इसका तो दम घुट रहा है."

मी सरांना समजावलं. एसी थंडी तयार करत नाही, तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. बाहेरच्या यंत्राने ती हवेत सोडायची. इथे ती पेटीतच कोंडत होती आणि यंत्र तीच गरम हवा पुन्हापुन्हा ओढून घेत होतं. बाहेर चव्वेचाळीस असेल तर त्या पेटीत त्याहून कितीतरी जास्त. अशा जागी नव्या तक्त्यातल्या पाच स्टारनेही अशीच धापा टाकत वीज खाल्ली असती. हे लेबलावर कुठे लिहिलेलं नसतं. ते फिटिंग करणाऱ्याने सांगायचं असतं, आणि विकणाऱ्याने.

सर ऐकत होते. चेहऱ्यावर आधी अविश्वास, मग लाज, मग एकदम उजेड. "म्हणजे मीच," ते म्हणाले. "मीच तिचा श्वास कोंडला."

"यंत्राचा, सर," मी घाईने म्हटलं.

"हो. यंत्राचा."

इक्बालभाईने पेटी उखडली आणि यंत्र उचलून उत्तरेच्या भिंतीला, मोकळ्यावर, ब्रॅकेटवर बसवलं. वर ऊन अडवायला फक्त एक छोटा पत्रा, चांगला हातभर उंच, चारही बाजू मोकळ्या. माकडांसाठी तारांवर पाइप चढवला. सगळं होईतो दुपार झाली. एसी सव्वीसवर, सोबत छताचा पंखा. पंधरा मिनिटांत यंत्राची घरघर उतरली आणि ते जवळजवळ ऐकू येईनासं झालं. सर मीटरपुढे उभे होते, घड्याळ बघत. तासाने म्हणाले, "निम्म्याच्या आसपास." दुसऱ्या तासाने पुन्हा वाचलं. मग वही मिटून ठेवली आणि खुर्चीवर बसून बराच वेळ डोळे मिटून राहिले.

काकू घरी आल्यावर त्यांनाही मी सगळं सांगितलं. त्यांच्यापासून ते लपवून मला त्या घरचा चहा प्यायचा नव्हता. त्या पलंगावर उशीला टेकून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "यांनी पेटी केली, तू लेबल लपवलंस. दोघं चांगले अपराधी होऊन बसला आहात. पण दोन तास बंद ठेवू या असं मीच म्हटलं होतं ना? हे आधी तेवीसवर ठेवून बघत होते, मग सव्वीसवर, मग बंद. मला वाटलं, माझ्यापायी पेन्शन चालली. माझंही थोडं चुकलं म्हणा की. मला एकटीला कशाला बाजूला ठेवता?" सर हसले, मग मीही.

दुकानात मात्र मला हिशेब चुकता करायचा होता. लालाजींना मी सांगितलं की यापुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला लेबलाची मुदत मी आपणहून सांगणार, पटत नसेल तर मला सोडा. ते म्हणाले, "फिर बेच लेना पुराना माल." मी पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत लिहिलं: 'पुराने लेबल के पाँच स्टार, नए हिसाब से चार. दाम इसीलिए कम.' तो पुठ्ठा जुन्या मालावर टेकवून ठेवला. लोक वाचायचे, विचारायचे, हसायचे, आणि निम्मे लोक तोच घ्यायचे. ज्याच्या घरी फक्त संध्याकाळी चार तास एसी चालतो त्याला तो खरंच परवडायचा, आणि तसं मीच सांगायचे. तीन आठवड्यांत जुना माल संपला. पुढे लालाजी बाजारात सांगत फिरायचे की पुठ्ठ्याची कल्पना त्यांची.

आधीच्या अकरा आणि सरांनंतरच्याही गिऱ्हाइकांना मी फोन केले. एकाने चांगलं झापलं. दोघांनी विचारलं, "तो अब क्या करें?" मी त्यांना बाहेरचं यंत्र मोकळं ठेवायला आणि सव्वीसवर पंख्यासोबत चालवायला सांगितलं. बाकीच्यांना मी कशासाठी फोन केला तेच कळलं नाही. एकीचा नंबर लागला नाही. ती अजून आठवते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, लू अगदी भरात असताना, मी पुन्हा गोरखीच्या मागच्या गल्लीत गेले. दुपारचे तीन. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. जिना चढून घंटी वाजवली आणि सर येतील म्हणून वाट बघत राहिले. आतून पावलं ऐकू आली, सावकाश, थांबत थांबत. सरांची नव्हती.

दार उघडलं ते उषाकाकूंनी. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने कडी काढलेली. केस विंचरलेले, कपाळावर कुंकू, घामाचा थेंब नाही. मागून सर धडपडत येत होते, "अगं, मी उघडलं असतं की," म्हणत.

मी उंबऱ्यावर तशीच उभी राहिले. काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आत ये ना लवकर. दार उघडं ठेवून उभी काय राहतेस, सगळा गारवा जातोय."